ब्याण्णवची फायनल

"सर, अजून घट्ट," लखन म्हणाला.

"डोळे बाहेर येतील, येड्या," काळू भोये म्हणाला आणि तरीही त्यानं पट्टीला आणखी एक वेढा दिला. कानामागे गाठ मारली. मग खिशातून कुंकवाची डबी काढली, बोट ओलं केलं आणि डाव्या भुवईच्या वर, पांढऱ्या पट्टीवर रुपयाएवढा लाल डाग उमटवला. बूट आवळत बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. देवळाली कॅम्पच्या ग्राउंडवर फायनल आता सुरूच होणार होती.

लखन गावितच्या डोक्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. डोकं ठणठणीत होतं. पण सातपूरच्या एका ब्रेकच्या कारखान्याची फुटबॉल टीम फायनलला उतरली, की तिच्या स्टॉपरनं, म्हणजे गोलच्या पुढ्यात मधोमध भिंत होऊन उभं राहणाऱ्या गड्यानं, अशी पट्टी बांधायची ही रीत होती. पट्टीवर कुंकू लावायचं ते काळूनंच. कारण ही रीत पडली ती काळूच्याच फुटलेल्या डोक्यापासून.

काळूचा बाप पेठकडचा. पोट भरायला घाट चढून कॅम्पात आला आणि पलटणीच्या खेचरांची लीद उचलता उचलता म्हातारा झाला. काळू गोलच्या मागं उभा राहून जवानांचे बॉल आणून द्यायचा. एके दिवशी त्यांना एक गडी कमी पडला आणि काळूला मधे उभं केलं. पोरगं बुटकं होतं, पण बॉल आला की डोकं घालायचं. बॉल असो की बूट असो, डोकं घालायचं. पुढं कारखान्यानं त्याला याच एका गुणावर नोकरीला लावलं. सकाळी ब्रेक-लायनर घासायचे आणि संध्याकाळी डोकं घालायचं. त्याची बायको आशा म्हणायची, "देवानं माणसाला डोकं कशाला दिलंय, ते ह्यांना कुणी सांगितलंच नाय."

आणि मग ती ब्याण्णवची फायनल. कारखान्यात कॅन्टीनच्या पोऱ्यापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ! आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झालेला, ग्राउंडचा नुसता राडा. समोर तोफखान्याची टीम, एकेक गडी दरवाजाएवढा. हाफटाइमच्या आधी त्यांच्या एकाचा बूट काळूच्या भुवईवर बसला आणि कपाळ उसवलं. कुणीतरी धोब्याकडची चादर फाडून पट्टी बांधली. पट्टी लाल होत गेली, पण गडी बाहेर आला नाही. शेवटच्या मिनिटाला गोलकीपर चिखलात लोळत होता आणि बॉल रिकाम्या गोलात चालला होता. तेव्हा काळू कुठून आला देव जाणे, त्यानं रेघेवरून तो डोक्यानं बाहेर काढला. कारखान्याला पहिल्यांदा कप मिळाला. त्या दिवसापासून तो पट्टीवाला काळू झाला. गुडघे गेल्यावर साहेबांनी त्यालाच टीमचा कोच केलं आणि मॅनेजरही केलं. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायचा. सांगता सांगता त्याचा आवाज असा चढायचा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

गंमत म्हणा की दैव म्हणा, काळूला त्यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं.

समोरून येणारा बूट तेवढा त्याला आठवत होता. त्यानंतर एकदम घरातलं स्टूल, चुलीचा धूर, आणि "अवो, असं काय करता?" म्हणत रडणारी आशा. मधला सगळा खेळ कुणीतरी कापून नेल्यासारखा गायब. त्या संध्याकाळी तो आशाला परत परत एकच विचारत होता, "मॅच कधी आहे गं?" कप मांडीवर होता आणि हा विचारत होता, मॅच कधी आहे! पुढं त्यानं ती फायनल लोकांकडून ऐकली. कुणी चिखल सांगितला, कुणी चादर, कुणी ती रेघ. लग्नापुरता दुसऱ्याचा सदरा मागून आणावा, तशी त्यानं ती मॅच अंगात घातली आणि नंतर काढलीच नाही. खरं काय ते फक्त आशाला ठाऊक होतं. त्यालाही आत कुठेतरी लाज वाटायची. आयुष्यात एकदाच आपण वाघासारखे वागलो, आणि नेमके तेव्हाच आपण तिथं नव्हतो.

आता ही दोन हजार तीनची फायनल. समोर पुन्हा तोफखाना. चार दिवसांपूर्वी पर्सोनेलच्या चिंतामण गायधनी साहेबांनी काळूला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं होतं. कामगाराला खुर्ची दिली की समजावं, काहीतरी वाईट ऐकायचंय.

"भोये, वरचे लोक मला विचारतात, की फुटबॉलवर आपले किती ब्रेक विकले जातात? काय उत्तर देऊ मी?" साहेब म्हणाले. "यंदा कप आणा. कप आला तर टीम राहील आणि तो तुमचा लखन परमनंट. त्याचा कागद मी स्वतः पुढे सरकवतो. नाही आला तर मात्र माझे हात बांधलेले आहेत."

लखन तीन वर्षं टेम्पररी होता. त्याची आई नवसाबाई दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत मजुरीला. तीही पेठकडूनच आलेली, नवरा गेल्यावर पोराला घेऊन बागेच्या कडेला खोप बांधून राहिलेली. लखनला काळूनं एका शाळेच्या मैदानावर बॉलखाली डोकं घालताना पाहिलं आणि आपल्या पोटचंच पोरगं सापडल्यासारखं त्याला कारखान्यात आणलं. काळू-आशाला मूल नव्हतं. लखन इंदिरानगरच्या त्यांच्या खोलीवर जेवायचा आणि आशा त्याला पहिली भाकरी वाढायची.

मॅच सुरू झाली. ग्राउंड कोरडं ठणठणीत, प्रत्येक लाथेबरोबर धूळ उडत होती. लखन खेळला मात्र असा, की काळूला वाटलं, आपण तेव्हा असेच दिसलो असू. पहिल्या हाफमध्येच कारखान्यानं एक गोल चढवला. आणि हाफटाइम तोंडावर आलेला असताना एक उंच बॉल आला. लखन उडाला, तोफखान्याचा एक दांडगा जवानही उडाला. डोक्यावर डोकं आपटलं. आवाज कडेला बसलेल्यांपर्यंत आला.

लखन पडला, क्षणभर तसाच राहिला आणि मग उठला. घामानं कुंकू विरघळून पट्टीवर पसरलं, गालावर ओघळलं. प्रेक्षकांमध्ये कारखान्याची जुनी माणसं होती. ती उभी राहून ओरडायला लागली, "रक्त बघा, रक्त! ब्याण्णव! ब्याण्णव!" ज्यांना ते कुंकू आहे हे माहीत होतं, तेसुद्धा ओरडत होते. काळू उठून रेघेपर्यंत धावला होता, पण तो ओरडा ऐकून तोही सुखावला, खोटं कशाला बोला.

हाफटाइमला लखन लिंबाच्या झाडामागं जाऊन ओकला. तोंड पुसत परत आला आणि काळूच्या शेजारी टेकला.

"सर, आपला गोल कंच्या बाजूला?"

काळूचा हात पाण्याच्या बाटलीवरच थांबला. इतका वेळ जिथं खेळला, ती बाजू पोरगं विचारत होतं.

तोफखान्याचा एक नर्सिंग हवालदार औषधांची पिशवी घेऊन दोन्ही टीमकडं बघत फिरत होता. तो लखनपुढे उकिडवा बसला, त्याची हनुवटी धरून त्यानं चेहरा उजेडाकडं वळवला. "उस्ताद, इसको बाहर बिठाओ."

"कुंकू है साब, खून नहीं," काळू म्हणाला.

"मैं कुंकू की नहीं, आँख की बात कर रहा हूँ. एक पुतली बड़ी है इसकी."

काळूनं लखनच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांकडं बघितलं. नीट बघितलंच नाही असं म्हणा हवं तर, पण नजर टाकली. बाकावर दिनेश बसला होता, जर्सी घालून तयार. दिनेश पोरगा चांगला, पण हवेतला बॉल आला की डोळे मिटायचा. तोफखान्याच्या त्या उंच पोरांपुढं दिनेशला उभं करणं म्हणजे कप त्यांच्या हातात नेऊन देणं. कप गेला की टीम गेली, लखनचा कागदही गेला.

"दिनेशला उतरवू?" काळूनं लखनलाच विचारलं. विचारायचा प्रश्न होता का तो? पण विचारला.

"नाय सर! मी खेळतो." लखननं त्याचं मनगट धरलं. मग जरा थांबून, घाबरल्यासारखं, हळूच म्हणाला, "सर, तुमाला कसं वाटत व्हतं? तवा, ब्याण्णवला? मला समदं लांबलांब दिसतंय. तुमाला बी असंच दिसत व्हतं का?"

तो एक क्षण काळूच्या हातात होता. 'मला काही आठवत नाही रे पोरा, मी तिथं नव्हतोच, चल बस खाली' एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. पण भोवती सगळी टीम कान देऊन उभी होती, पलीकडं जुनी माणसं 'ब्याण्णव' ओरडत होती, आणि इतक्या वर्षांत ते वाक्य त्यानं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तोंडाला सवय असते तेच तोंड बोलतं.

"सगळं लख्ख दिसत होतं," काळू म्हणाला. "वाघासारखं वाटत होतं. पहिली पाच मिनिटं लांब दिसतं, मग आपोआप जवळ येतं. घाबरायचं नाही."

लखनचा चेहरा खुलला. त्यानं डोकं खाली वाकवलं. "मग पट्टी घट्ट करा."

काळूनं पट्टी घट्ट केली.

लखन दुसरा हाफ सगळा खेळला. शेवटी शेवटी त्याचा उजवा पाय ओढल्यासारखा पडत होता, तरी तो गोलपुढून हलला नाही. एक कॉर्नर आला, लखननं डोकं घातलं, बॉल बाहेर गेला आणि शिट्टी वाजली. कप आला. साहेबांनी काळूला मिठी मारली. टेम्पोत गुलाल उधळला, ढोल घेतला आणि मिरवणूक नाशिकच्या वाटेला लागली. लखन काळूच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. "दमला गडी," पोरं म्हणाली. आधी काळूलाही तसंच वाटलं. मग लखन घोरायला लागला. ते घोरणं काळूला बरं वाटेना. त्यानं हाक मारली, गालावर चापट्या मारल्या, गुलालानं भरलेल्या पापण्या वर केल्या आणि तो बोंबलला, "ढोल बंद करा! टेम्पो दवाखान्यात घ्या!" ढोलाच्या दणक्यात ते ड्रायव्हरपर्यंत पोचायलाही वेळ गेला.

डॉक्टरांनी पट्टी कात्रीनं कापली. तिच्याखाली कानाच्या वर मोठं टेंगूळ आलेलं होतं. पट्टीनं ते इतका वेळ झाकून ठेवलं होतं. आत रक्त साकळलं होतं. कवटीचा एक तुकडा काढावा लागला. तो परत बसवू म्हणाले, पण पुढं जखम चिघळली आणि ते राहूनच गेलं.

दवाखान्याच्या बाकावर आशा काळूच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "तुम्ही त्याला सांगितलं नव्हतं?"

"काय?"

"की तुमाला काय आठवत नाय."

आशानं पदर तोंडात कोंबला आणि त्या दिवसापासून घरात त्या कपाचा, त्या ब्याण्णवचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

लखन वाचला, याला वाचणं म्हणत असतील तर. उजवा हात लुळा पडला. माणसं ओळखायचा, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. कारखान्यानं म्हटलं, हे ग्राउंडवर झालं, कामावर नाही, आणि लखनचा कागद पुढं सरकलाच नाही. वर्षाच्या आत टीमही बंद केली. गायधनी साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी कप स्टोअरमध्ये टाकला आणि काळूलाही स्टोअरमध्येच टाकलं. काळू भांडला नाही. भांडायचं कुठल्या तोंडानं?

दर रविवारी मात्र तो एसटीनं दिंडोरीकडं जायचा. बागेच्या कडेला खोपीपुढं लखन खाटेवर बसलेला असायचा. काळूला बघितलं की उजळायचा. "सर! मॅच कवा हाय?"

"झाली रे. जिंकलो आपण."

"मी व्हतो?"

"होतास म्हणजे? तुझ्यामुळंच जिंकलो!" आणि काळू सांगायला लागायचा. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. काळूला हे जड जायचं, पण ऐकताना लखनचा चेहरा असा व्हायचा, की काळूला थांबताही येत नसे. सांगताना त्याचंच त्याला कळायचं नाही, कुठं दोन हजार तीन संपलं आणि कुठं ब्याण्णव सुरू झालं.

असाच एक रविवार. दोन हजार पाच साल होतं. छाटणीचे दिवस, बागेत कात्र्यांचा कटकट आवाज चालू. काळू पोचला तेव्हा नवसाबाई कधी नव्हे ती हसत सामोरी आली. हातातली कात्री तशीच होती.

"दादा, बसा, बसा! आईका तर. लखन, बाबा, सांग सरांना. सकाळी मला सांगितलं ते सांग."

लखन ताठ बसला. "चिखल लय व्हता," तो म्हणाला. "नुसता राडा. माझं कपाळ फुटलं, मंग धोब्याची चादर फाडली. गोलकीपर लोळत व्हता. म्या रेघंवरून काढला बॉल. मला समदं लख्ख दिसत व्हतं. वाघावानी वाटत व्हतं."

नवसाबाईनं डोळे पुसले. "बघा! समदं आठवाया लागलं त्याला. मी म्हनतच व्हते. सरांचं बी डोकं फुटलं व्हतं, त्ये बी तसंच खेळले, आन बगा कसे धड हायेत, एकूण एक आठवतंय त्यांला. मंग माझ्या पोराला का नाय आठवायचं? दोन वर्सं ह्याच आशेवर काढली मी, दादा. तुमाकडं बघून."

ग्राउंड कोरडं होतं. चादर नव्हती. ही मॅच लखनची नव्हतीच, आणि खरं बघता काळूचीही नव्हती. गप्प बसलं असतं तर ही बाई आज रात्री सुखानं जेवली असती. पण गप्प बसून एकदा काय झालं होतं, ते पुढ्यात खाटेवर बसलं होतं.

"नवसाबाई," काळू म्हणाला, "ती मॅच त्याची नाय. मी सांगितलेली हाय." इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडात बापाची बोली आली. "आन मला बी ती आठवत नाय. कधीच आठवली नाय. डोकं फुटल्यावरचं मला कायबी ठावं नाय. लोकांनी सांगितलं, ते मी सांगत सुटलो."

नवसाबाई बघतच राहिली. आधी तिला कळलंच नाही. मग तोंडावरचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"म्हंजे ह्याला बी नाय आठवायचं."

"नाय."

"आन हे तुमाला ठावं व्हतं. तवा. खेळाया लावलं तवा."

"ठावं व्हतं," काळू म्हणाला. "त्यानं मला विचारलं व्हतं. मी खोटं बोललो."

बागेतून कुणीतरी नवसाबाईला हाक मारली. तिनं ओ दिली नाही. काळूला वाटलं, आता ही शिव्या घालील, अंगावर कात्री फेकील. फेकली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. ती मात्र वळून खोपीत गेली. आत भांडं वाजलं. काळू जायला उठला.

"सर," लखन म्हणाला. "मॅच कवा हाय?"

इतक्या वर्षांत काळूजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती आता उरली नव्हती. लखननं वाट पाहिली. मग फायनलच्या दिवशी वाकवलं होतं तसं त्यानं डोकं काळूपुढं वाकवलं. "पट्टी बांधा की."

कानाच्या वर हाड नव्हतं तिथं केस विरळ उगवले होते आणि कातडी आत खोलगट गेली होती. तान्ह्या लेकराची टाळू उडते तशी ती जागा हळूहळू उडत होती. इतके रविवार आला, पण काळूनं तिथं कधी बघितलं नव्हतं.

नवसाबाई बाहेर आली. डोळे सुजले होते. तिच्या हातात तेलाची वाटी होती. ती तिनं काळूपुढं खाटेवर ठेवली.

"रोज मी भरते त्याची टाळू," ती म्हणाली. "ऐतवारी तुमी भरत जावा. मॅचचं काय सांगू नका त्याला परत."

काळूनं मान डोलावली.

"जोर नका लावू," नवसाबाई म्हणाली आणि कात्री उचलून बागेत निघून गेली.

काळूनं बोटं तेलात बुडवली. लखन डोकं वाकवून, डोळे मिटून बसला होता.